नववं प्रकरण

आमची बैठक गुरुवारी असते, कारण आमच्या भागात बहुतेक गुरुवारी पाणी बंद असतं. पाणी नसलं की धुणं, फरशी, मोठी भांडी सगळंच शुक्रवारवर जातं आणि दुपार मोकळी मिळते. तीन कादंबरीकार बायका एकत्र येण्यामागे याहून थोर कारण नाही.

मी शनिवार पेठेत राहते. दुसरी मैत्रीण खडकीची. तिचा नवरा दारूगोळा कारखान्यात आहे आणि ते तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहतात. दोघंही मूळचे नागपूरकडचे. तिसऱ्या बाई कसबा पेठेतल्या, पंचाहत्तरीच्या पलीकडच्या. त्यांना आम्ही दोघी मावशी म्हणतो. बैठक त्यांच्याकडेच, कारण त्यांचे गुडघे त्यांना जिना उतरू देत नाहीत. खालच्या गल्लीत तांब्याच्या भांड्यांची ठोकाठोक चालू असते, म्हणून आम्हाला मोठ्यानं वाचायची सवय लागली आहे.

तिघीही बायकांसाठी लिहितो. लग्न, माहेर, नोकरी, सासू, घटस्फोट, उशिरा जमलेलं प्रेम. मोठे समीक्षक याला ‘कौटुंबिक लेखन’ म्हणतात आणि त्यापुढे काही म्हणत नाहीत. वाचनालयात मात्र आमची पुस्तकं कपाटात फार वेळ बसत नाहीत. पुस्तक परत करताना बाई काउंटरवर म्हणते, “असंच अजून एक द्या.” आमच्या धंद्यात याहून मोठा पुरस्कार नाही आणि तो आम्हाला वरचेवर मिळतो.

कादंबरी एकटीनं लिहिता येते, पण एकटीनं पुरी करता येत नाही. म्हणून आम्ही कामं वाटून घेतली आहेत. मावशी भाषा बघतात. खडकीची मैत्रीण कंटाळा बघते. वाचताना तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं की त्या परिच्छेदावर ती काट मारते, आणि सहसा तिचं चुकत नाही. माझ्याकडे हजेरी. कोण कुठे आहे, कोण जिवंत आहे, कुणाला कितवा महिना आहे, कुणाचं सासर कुठल्या गावचं. कादंबरी महिनोन्‌महिने लिहिली जाते. मध्ये दिवाळी येते, पाहुणे येतात, लेखिकेचंच ऑपरेशन निघतं. मग बाळंतपणं वर्ष वर्ष लांबतात आणि गहाण टाकलेल्या पाटल्या मुलीच्या लग्नात आईच्या हातात दिसतात. मावशींच्या एका कादंबरीत सासरे दोनदा वारले होते आणि तसेच छापलेही गेले होते. एका वाचक बाईंनी कळवलं, “दोन्ही वेळा सूनबाईंनी सगळं नीट केलं.” त्यानंतर मावशींनी हजेरीचं काम माझ्याकडे दिलं. माझ्या नजरेतून तोवर कुणी सुटलं नव्हतं.

छपाईला जाण्याआधीचं शेवटचं वाचन आम्ही जुन्या मुद्रितशोधकांच्या पद्धतीनं करतो. एकीनं मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट. दुसरीनं पेन्सिल घेऊन प्रुफावर नजर ठेवायची. जिचं पुस्तक असेल तिनं गप्प बसायचं. हा नियम मावशींचा. लेखिकेला बोलू दिलं की ती पुस्तकाची बाजू मांडत बसते, आणि वाचकाच्या घरी काही ती बाजू मांडायला जाणार नसते. “त्यानं तिचा हात हातात घेतला पूर्णविराम अवतरण सुरू थांब ना उद्गारचिन्ह अवतरण पुरे” असं एकदा ऐकलं की त्या प्रेमात किती दम आहे ते लगेच कळतं.

फेब्रुवारीत माझे यजमान गेले. हॉस्पिटलात होते, फार दिवस नाही.

लोक भेटायला आले तेव्हा मी रडले नाही, नंतरही नाही. यात काही शौर्य नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं की ओठ जागेवर असतो, पण तोंडातून चहा ओघळतोय हे समोरच्यालाच दिसतं. तसं काहीसं सगळ्याच बाबतीत झालं होतं. मी जेवत होते, झोपत होते, बँकेत जाऊन त्यांच्या खात्यांची कामं करत होते. मुलगी बंगळूरला असते. ती काही दिवस राहून गेली. निघताना बॅगेची चेन लावता लावता म्हणाली, “आई, तू खरंच ठीक आहेस ना?” मी म्हणाले, “ठीक आहे.” ते खोटं नव्हतं. विचारल्यावर सांगण्यासारखं दुसरं काही सापडत नव्हतं.

शेजारच्या एक बाई म्हणाल्या, “आता बघा, तुमच्या लेखनाला खोली येईल.”

“आतापर्यंत काय गच्चीत लिहीत होते?” मी विचारलं. त्या पुन्हा आल्या नाहीत. तेवढाच एक चहा वाचला.

खोली वगैरे काही आली नाही. दिवाळी अंकासाठी एक लघुकादंबरी कबूल केली होती, ती उन्हाळ्यात लिहून वेळेत दिली. तिच्यात दोन प्रेमप्रसंग होते आणि शेवटी समेट. संपादकांचा फोन आला, “नेहमीसारखीच छान.” फोन ठेवून मी ती पुन्हा वाचली. नेहमीसारखीच होती. लिहिताना मला काहीही झालं नव्हतं आणि त्यानं काहीही बिघडलं नव्हतं.

त्याच वर्षी खडकीच्या मैत्रिणीचं पुस्तक यायचं होतं. तिचं पहिलं. तिच्या कथा मासिकांत वर्षानुवर्षं येत होत्या, पण पुस्तक नव्हतं आणि पन्नाशी उलटली होती. दोन प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं होतं. त्यातल्या एकानं तर तिनं बांधलेली दोऱ्याची गाठही सोडली नव्हती. शेवटी मी माझ्या प्रकाशकांकडे शब्द टाकला. ते म्हणाले, “तुम्ही म्हणताय म्हणून.” दिवाळीआधी झालं तर झालं, नाहीतर पुढच्या वर्षी बघू, असंही म्हणाले. प्रकाशकाच्या तोंडी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणजे ‘नाही’. तिला ते पुरतं ठाऊक होतं. तिच्या नवऱ्यानं मात्र कारखान्यात आधीच सांगून टाकलं होतं की बायकोचं पुस्तक येतंय. रोज संध्याकाळी घरी आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, “आलं का?”

कादंबरी कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या एका बाईची. नवरा जातो, मग ती मुलीला वाढवते आणि पुढे कँटीनच चालवायला घेते. पहिल्या खर्ड्यात तो नवरा फार उशिरा जात होता. मीच तिला सांगितलं होतं, “माणूस मारायचाच असेल तर लवकर मार. वाचक ताटकळत बसत नाही.” हे जानेवारीतलं बोलणं. तिनं त्याला अलीकडे आणून नवव्या प्रकरणात मारलं आणि पुढचं सगळं त्याप्रमाणे बदललं. बदललेलं हस्तलिखित मी मार्चमध्ये वाचलं, पहिलं प्रूफ जूनमध्ये. दोन्ही वेळा हजेरी घेतली आणि सांगितलं, सगळे जागेवर आहेत.

शेवटचं वाचन दोन गुरुवारांत करायचं ठरलं. पहिल्या गुरुवारी मला वारसनोंदीच्या कामासाठी जावं लागलं, म्हणून पहिली बारा प्रकरणं त्या दोघींनीच वाचली. दुसऱ्या गुरुवारी मी वाचायला बसले. मावशींची पेन्सिल प्रुफावर, मैत्रीण पलंगाच्या कडेला, नियमाप्रमाणे गप्प. शनिवारी प्रुफं प्रकाशकांकडे जायची होती.

सतराव्या प्रकरणात मुलीला बघायला पाहुणे येतात. मी वाचलं, “तो बाहेरच्या खोलीत बसून चहा पीत होता स्वल्पविराम नेहमीसारखा बशीत ओतून पूर्णविराम साखर बरोबर आहे का स्वल्पविराम असं तिनं विचारलं तेव्हा त्यानं नुसती मान हलवली पूर्णविराम.”

मावशींची पेन्सिल थांबली. मी पुढे वाचत राहिले. काही ओळींनी लक्षात आलं की दोघी एकमेकींकडे बघताहेत.

“काय झालं?”

“काही नाही. वाच तू,” मावशी म्हणाल्या.

मावशी कधी ‘काही नाही’ म्हणत नाहीत. त्यांच्याकडे नेहमी काहीतरी असतं.

“सांगा ना काय ते.”

मैत्रिणीनं नियम मोडला. “ताई, तो गेलाय नं.”

“कोण?”

“तिचा नवरा. नवव्यातच गेला तो.”

मी प्रुफाकडे बघितलं. तो बाहेरच्या खोलीत बसून चहा पीत होता. मला त्यात काहीही वावगं दिसेना. क्षणभर असंच वाटलं की चूक या दोघींची आहे.

“मला वाटलं तुम्ही मुद्दाम ठेवला,” मैत्रीण म्हणाली. “म्हणजे तिला भास होतो असं काहीतरी. तुम्ही दोनदा पास केलं, मग मी कशाला बोलू?”

“म्हणजे तुला दिसलं होतं?”

“जूनमध्येच. पण तुम्हाला कसं सांगायचं, ताई, की हा माणूस मेलाय म्हणून?”

“मेलाय असंच सांगायचं. हजेरी आहे ती, सांत्वन नाही.”

“आता माझंच बघ,” मावशी म्हणाल्या, “पहिल्या ओळीला थांबले. पण तोंड उघडवेना. मी कधी कुणाची भीड ठेवलीय का?”

“नाही.”

“मग?”

मी मैत्रिणीकडे वळले. “पहिलं पुस्तक आहे तुझं. त्यात मेलेला माणूस चहा पितोय आणि माझी भीड म्हणून तू तो तसाच छापून देणार होतीस?”

“चहाच तर पीत होता, ताई,” ती म्हणाली. “कोणाचं काय बिघडवत होता?”

मावशींना हसू फुटलं. मग मलाही हसायला हवं होतं, पण मी दुरुस्तीला लागले. चहा मोठ्या दिराला दिला. बशी ठेवली, ‘नेहमीसारखा’ काढलं. ओळी तेवढ्याच राहिल्या. माणूस बाहेरच्या खोलीतून उठवायला फार वेळ लागला नाही.

“आणखी काय काय सुटलंय कुणास ठाऊक,” मावशी म्हणाल्या. “नवव्यापासून पुन्हा वाचू. आणि हजेरी या खेपेला तू घ्यायची नाहीस.”

“बरं,” मी म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. इतक्या वर्षांच्या कामावरून एका वाक्यात काढलं तर माणसाला काहीतरी वाटतं. मी वाट बघितली. काही वाटलं नाही.

जागा बदलल्या. मैत्रीण वाचायला बसली, मावशींची पेन्सिल, आणि मी पलंगाच्या कडेला, गप्प बसायच्या जागी. नववं प्रकरण सुरू झालं. देवापुढचा दिवा फडफडला आणि विझला पूर्णविराम. दूर कुठेतरी कुत्रं रडलं पूर्णविराम. तिनं हंबरडा फोडला स्वल्पविराम भिंतीवर डोकं आपटलं स्वल्पविराम शेजारणींनी तिच्या बांगड्या फोडल्या स्वल्पविराम कपाळावरचं कुंकू पुसलं पूर्णविराम. अशी पानामागून पानं.

ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की हे मी पहिल्यांदाच ऐकतेय. नववं प्रकरण मी वाचलेलंच नव्हतं. मार्चमध्येही नाही आणि जूनमध्येही नाही. वाचायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. आठवं संपलं की हात पानं उलटून थेट दहाव्यावर येत असणार. माझ्या हिशेबी तो माणूस कुठे गेलाच नव्हता. कारखान्यात पाळीला गेला असेल, बाहेरच्या खोलीत असेल.

दुसरी गोष्ट कळली ती अशी, की प्रकरण वाईट होतं. बाकी सगळी कादंबरी तिच्या डोळ्यांनी बघितलेली होती आणि हे तेवढं दुसऱ्या कुणाचं तरी होतं. ज्या प्रकरणावर उरलेलं पुस्तक उभं राहणार तेच पोकळ.

“थांब,” मी म्हणाले. “हे असं होत नाही.”

मावशी म्हणाल्या, “लेखिकेच्या जागेवर बसलीस तर गप्प बस.”

“मी लेखिका नाहीये याची.” मग मैत्रिणीला विचारलं, “तुमच्याकडे बांगड्या फोडतात?”

“नाही हो. आमच्याकडे कुठे असतं असं?” तिच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून त्यांच्या घरात हे काही नाही. “आमच्याकडे भन्ते येतात, वंदना होते. सगळे पांढऱ्या कपड्यात, खाली बसलेले. देवापुढचा दिवा तर आमच्या घरात देवच नाही तर कुठून विझणार?”

“मग हे आणलंस कुठून?”

“वाचनालयातल्या कादंबऱ्यांतून,” ती म्हणाली आणि मावशींकडे बघायचं तिनं टाळलं.

“माझ्याच असतील,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “आमच्या वेळी असंच मरायचे. मी भाषा बघितली, भाषा ठीक आहे. बाकीचं हिनं पास केलं होतं.”

“मी वाचलं नव्हतं,” मी म्हणाले.

मैत्रिणीनं प्रूफ उलटं करून मांडीवर ठेवलं आणि पेन काढलं. “मग कसं होतं, ताई?”

हे तिनं लेखिका म्हणून विचारलं होतं. शेजारणींनी, नातेवाइकांनी, मुलीनं इतके महिने मला कसं वाटतंय ते विचारलं होतं आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कसं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. ते मला सांगता येण्यासारखं होतं.

मी सांगितलं. ते गेले तेव्हा वॉर्डात सकाळचा चहा वाटत होते. नर्स डॉक्टरांना बोलवायला गेली होती. ट्रॉलीवाल्या बाईला काही कल्पना नव्हती. तिनं स्टुलावर त्यांचा कप ठेवला, कपावर बिस्किटं ठेवली आणि ती पुढच्या कॉटकडे गेली. मी तो चहा प्यायले. थंड होईल, एवढंच डोक्यात आलं. डॉक्टर आले तेव्हा माझ्या हातात कप होता. तो कुठे ठेवावा हे मला कळेना, कारण स्टुलावर आता त्यांनी त्यांचं सामान ठेवलं होतं.

त्यांचा चष्मा आणि घड्याळ एका पिशवीत घालून दिलं. स्कूटर हॉस्पिटलच्या पार्किंगमध्येच राहिली. ती आणायला नंतर शेजाऱ्यांबरोबर गेले, तेव्हा सीटवर कबुतरांनी घाण केली होती आणि मी ती त्यांच्याच एक्स-रेच्या पाकिटानं पुसली.

“तो गुरुवार होता,” मी म्हणाले. “घरी येताना गाडीत मला एकच चिंता. स्मशानातून परत आलेल्या माणसांना आंघोळीला पाणी कुठून आणायचं? बुधवारी भरून ठेवायला घरी कोण होतं? बायका रडत यायच्या आणि मी विचारायचे, तुमच्याकडे पाणी आहे का. वरच्या मजल्यावरच्या बाई गळ्यात पडायला आल्या. त्यांना म्हटलं, आधी बादली.”

“असं म्हणालात?”

“असंच. मग सगळ्या बिल्डिंगमधून पाणी आलं. बादल्या, कळशा, कुकर. एकानं फिल्टरचं पाणी ओतून दिलं. मी जिन्यात उभी होते, कुणाचं भांडं कुठलं ते लक्षात ठेवायला. नंतर परत करताना गोंधळ नको. पुरुष आले, एकेक जण आंघोळ करून गेला. शेवटी मला पाणी उरलं नाही. मी शुक्रवारी सकाळी नळाला पाणी आल्यावर आंघोळ केली.”

“आणि मग?”

“मग काही नाही. भांडी परत केली.”

मैत्रीण लिहीत नव्हती. पेन हातात तसंच होतं. मावशींनी पेन्सिल खाली ठेवली.

“हे तू तुझ्या पुस्तकाला ठेव,” त्या मला म्हणाल्या.

“मी यातली एक ओळ लिहिणार नाही.”

“आज म्हणतेस.”

“मावशी, मी या वर्षी एक लघुकादंबरी लिहिलीय. नेहमीसारखीच छान. माझ्याकडे हे पडून राहील. हिला आज पाहिजे, हिचं पुस्तक परवा जातंय.”

“मी कसं घेऊ हे, ताई?” मैत्रीण म्हणाली. “तुमचं आहे.”

“माझं नाव थोडंच घालणार आहेस? क्वार्टर्समधला नळ कर, टँकर कर, तुमची वंदना घाल. तुझं तुला माहीत.”

“आभारात तरी...”

“आभारात मला घातलंस तर पुस्तक परत पाठवीन. ऐक. नवव्याची पानं किती ते बघ आणि तेवढीच भर. कमी नाही, जास्त नाही. पुढची पानं सरकली तर सगळी जुळणी पुन्हा करावी लागेल, आणि मग पुढचं वर्ष.”

तिनं मान हलवली. डोळे पुसले, पण ते चोरून. मावशी म्हणाल्या, “नव्या नवव्याचं प्रूफ मी बघेन. तू बघायचं नाहीस.” मी कबूल केलं.

तिनं ते गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी लिहिलं. घरात कुकर लावला नाही, नवऱ्यानं बाहेरून पोळी-भाजी आणली, एवढं मला फोनवर कळलं. शनिवारी तोच रजा टाकून पानं घेऊन खडकीहून कसब्यात आला, मावशींनी ती बघेपर्यंत जिन्यात बसून राहिला आणि मग प्रकाशकांकडे देऊन आला. मी त्या दिवशी कपाट आवरलं.

पुस्तक दिवाळीआधी आलं. प्रकाशनाला आमचं ठरलेलं काम असतं: खुर्च्या भरायच्या. प्रत्येकीनं आपापल्या सोसायटीतल्या, भिशीतल्या, योगाच्या वर्गातल्या बायका आणायच्या. या वेळी कारखान्यातून इतके लोक आले की आमच्या बायकांना मागे उभं राहावं लागलं आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. मावशींना दोघांनी खुर्चीसकट उचलून जिना उतरवला होता. त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि स्वागताचं भाषण लांबल्यावर मोठ्यानं म्हणाल्या, “पुस्तक तरी वाचून दाखवा कुणीतरी.”

मी पुस्तकावर बोलले. कँटीनबद्दल, मुलीबद्दल, ती बाई हिशेब कसा तोंडी करते त्याबद्दल. नवव्यावर बोलले नाही, कारण ते मी अजूनही वाचलं नव्हतं. त्यानंतर सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी पुस्तक उघडलं आणि नेमकं तेच वाचायला घेतलं.

विरामचिन्हांशिवाय ऐकलं. क्वार्टर्समधली बाई दारात उभी आहे. बायका पांढऱ्या साड्या नेसून येताहेत आणि ती प्रत्येकीला पाणी आहे का विचारते आहे. ट्रॉली होती. कप होता. कबुतरं नव्हती, ती तिनं गाळली होती आणि ते योग्यच केलं होतं. माझ्या मागे कुणीतरी नाक ओढत होतं. मला शब्दांची जागा दिसत होती, लांबी दिसत होती. आपल्या घरातलं कपाट दुसऱ्याच्या घरात ठेवलेलं बघावं तसं मी ते बघितलं. चांगलं दिसत होतं.

मग शेवटचा परिच्छेद आला. सगळे आंघोळी करून गेले, पाणी संपलं. ती बाई कोरड्या नळाखाली रिकामी बादली लावून बसली आणि रडायला लागली. खूप रडली. कुणी आलं नाही, कुणी यावं असंही तिला वाटलं नाही.

हे मी सांगितलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर सह्यांसाठी रांग लागली. मैत्रीण टेबलामागे बसली होती आणि तिचा नवरा हारतुऱ्यांचं ओझं घेऊन तिच्या शेजारी उभा होता. एका बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. “किती सोसलंत हो तुम्ही. ते नववं प्रकरण... अनुभवाशिवाय नाही येत असं.”

“मी आहो नं बाई, जिवंत,” नवरा म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा जरा हिरमोड झाला.

रांग सरल्यावर मी टेबलापाशी गेले. तिनं लगेच पेन खाली ठेवलं.

“शेवटी ती रडते,” मी म्हणाले. “ते कुठून आलं?”

ती उत्तर तयार ठेवून बसली होती असं मला वाटलं. “तुम्ही नाही रडलात, ताई. ती रडली. ती माझी बाई आहे.”

“पाणी मी दिलं होतं.”

“हो. पाणी तुमचं.”

तिचा नवरा फोटोसाठी हाका मारत होता. मावशींना पुन्हा वर चढवायचं होतं आणि ते दोघे उचलणारे कुठे दिसत नव्हते. मी तरीही मिनिटभर तिथेच उभी राहून विचार केला. हजेरी घेताना करते तसाच. घरात कुणी उरलं नव्हतं. कामं संपली होती. बाईला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. त्या जागी रडायला हरकत नव्हती.